रीमरला त्याच्या वाटेनं जाऊ द्या

१ ऑगस्ट २०२४ ची दुपार. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात ब्राँझपदक जिंकत होता आणि आम्ही घरची सगळी मंडळी टीव्हीसमोर श्वास रोखून बसलो होतो. मध्येच माझ्या भाच्यानं विचारलं, ''मामू, त्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ केवढं असतं?''

मी म्हटलं, ''१०.४ मिलिमीटर. तुझ्या शर्टाचं बटण असतं ना, जवळपास तेवढं.''

क्रिकेटच्या अडीच खेळपट्ट्या एकापुढे एक मांडा आणि पलीकडच्या टोकाला शर्टाचं बटण ठेवा. पोरगा थोडा वेळ गप्प बसला आणि मग त्यानं खरा प्रश्न विचारला, ''पण मामू, गोळी सरळच जाते हे कशावरून?''

या प्रश्नाचं मोठं उत्तर नेमबाजाच्या श्वासात, डोळ्यात आणि वर्षानुवर्षांच्या सरावात आहे. त्याबद्दल जाणकारांनी बोलावं. उरलेलं छोटं उत्तर मात्र एका भोकात आहे, आणि त्या भोकाबद्दल मी थोडंफार बोलू शकतो. कारण बी.ए. झाल्यावर, १९९१ साली, नोकरी मिळेना म्हणून मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका लेथवर उभा राहिलो होतो. तिथं एका साध्या भोकानं मला चांगलाच धडा शिकवला.

रायफलच्या नळीच्या मागच्या तोंडाशी काडतूस बसायला एक जागा कोरलेली असते. तिला चेंबर म्हणतात. ही जागा अखेरच्या मापाला आणणारं हत्यार म्हणजे रीमर. रीमर फक्त बंदुकीसाठी असतो असं नाही. तुमच्या स्कूटरच्या इंजिनात, शेतावरच्या पंपात, शिलाई मशीनमध्ये जिथं जिथं एखादी दांडी एखाद्या भोकात नेमकी बसून फिरते, तिथं बहुतेक वेळा कधीतरी रीमर फिरून गेलेला असतो.

आधी ड्रिल आणि रीमर यांतला फरक समजून घेऊ. ड्रिल हे भोक पाडणारं हत्यार. त्याला पुढे दोन धारा असतात. त्या दोन्ही अगदी सारख्या घासलेल्या नसतील तर ड्रिल एका बाजूला ओढतं आणि भोक ठरल्यापेक्षा मोठं पडतं. धातूत शिरताना त्याचं टोक जरा सरकतं, आत गेल्यावर वाकडी वाट धरतं. ड्रिलनं पाडलेलं भोक म्हणजे बैलगाडीनं पाडलेली चाकोरी. गाडी जाते, पण रस्ता म्हणवत नाही.

रीमर नवं भोक पाडत नाही. आधी पडलेल्या भोकाचा शेवटचा पातळ थर तो काढतो. त्याच्या अंगावर सहा-आठ धारा असतात आणि त्यांच्यामधलं अंतर बहुधा मुद्दाम थोडं कमीजास्त ठेवलेलं असतं. अंतर सारखं असेल तर हत्यार थरथरू लागतं आणि प्रत्येक धार आधीच्या धारेनं केलेल्या खळग्यात पडून भोकाला कंगोरे आणते. २५ मिलिमीटरच्या भोकात रीमरसाठी साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर एवढाच माल शिल्लक ठेवायचा. ड्रिलच्या निम्म्याहून कमी वेगानं काम फिरवायचं, तेल द्यायचं आणि रीमर कधीही उलटा फिरवायचा नाही. उलटा फिरवला की धातूचा कीस धारेमागे अडकतो, धार बोथटते आणि भोकाला ओरखडे पडतात.

एवढं सांभाळलं की भोक किती नेमकं होतं? चांगल्या बसणीचं जे नेहमीचं माप कारखान्यांत पाळलं जातं, त्यात २५ मिलिमीटरच्या भोकाला २१ मायक्रॉनची सूट असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर ही सूट केसाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी झाली.

रीमरची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हवी. रीमर भोक गोल करतो, गुळगुळीत करतो, मापात आणतो. वाकडं भोक मात्र तो सरळ करत नाही. आधीचं भोक ज्या वाटेनं गेलंय त्याच वाटेनं तोही जातो. भोक सरळ करायचं काम बोअरिंगचं. जाड, ताठ दांड्याला एकच धार बसवायची आणि तो दांडा ठरलेल्या रेषेतून ढळू द्यायचा नाही. धार एकच असल्यानं भोक कुठेही वळलेलं असो, ती आपल्या रेषेवरच कापते.

याचं महत्त्व इतिहासात एकदा फार ठळकपणे दिसलं. जेम्स वॉटनं वाफेच्या इंजिनाची सुधारित कल्पना मांडली, पण त्याला गोल सिलिंडर मिळेना. त्या काळी ओतीव सिलिंडरच्या आत जे कापणारं डोकं फिरवत, त्याला पुढच्या बाजूनं आधार नसे. ते ओतकामातल्या वाकड्या भोकाच्याच मागे जाई. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्या फटीतून वाफ निसटून जायची. जॉन विल्किन्सन या इंग्लंडमधल्या लोखंडाच्या कारखानदारानं १७७४ साली तोफा भरीव ओतून मग आतून कोरण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. पुढच्याच वर्षी त्यानं सिलिंडरसाठी वेगळं यंत्र उभं केलं. त्यात कापणारा दांडा सिलिंडरच्या आरपार जाई आणि त्याला दोन्ही टोकांना आधार असे. पन्नास इंची सिलिंडरमधली चूक जुन्या शिलिंगच्या नाण्याच्या जाडीपेक्षा जास्त नाही, असं वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यानं लिहून ठेवलं. वाफेचं युग सुरू व्हायला एक खरं भोक लागलं!

म्हणजे बोअरिंगला ताठपणा हवा. मग मला वाटलं, रीमिंगलाही हवाच. इथंच माझी चूक झाली.

आमच्या कारखान्यात पंपाचे बुश करायचं काम येई. गनमेटलचा गोल तुकडा चकमध्ये धरायचा, ड्रिल मारायचं, बोअर करायचं आणि शेवटी रीमर घालायचा. लेथवर काम फिरतं आणि रीमर स्थिर असतो. तो मागच्या टेलस्टॉकमध्ये धरून हातचाकानं पुढे सारायचा. मी नवा, अंगात उत्साह. मला वाटायचं, हत्यार जितकं घट्ट तितकं काम पक्कं. म्हणून रीमर मी टेलस्टॉकच्या ड्रिल चकमध्ये बसवून चावीनं आवळ आवळ आवळला आणि एका दिवसात बुशचा ढीग लावला. मापाला प्लग गेज असतो. त्याचं एक टोक भोकात जायला हवं आणि दुसरं जाता कामा नये. मी जाणारं टोक घालून पाहिलं, ते सुरेख गेलं. न जाणारं टोक घालून पाहायचा मात्र मी कंटाळा केला.

दीड महिन्यानं एक शेतकरी पंप घेऊन दारात उभा राहिला. ऐन एप्रिल, उसाला पाण्याची पाळी, आणि पंप पाणी सोडत होता. शाफ्ट डुगडुगत होता, ग्लँडमधून हवा ओढली जात होती, आणि हवा ओढली की पंपाचं पाणी तुटतं. चार दिवस ऊस तहानेला होता. त्यानं आवाज चढवला नाही. नुसता पंप खाली ठेवला आणि बाजूला बसला. मला तेच जास्त लागलं.

आमच्या वस्तादांनी बुश काढला, पुसला आणि गेजचं न जाणारं टोक त्याच्या तोंडाशी धरलं. ते चांगलं दोन सूत आत गेलं. मग बुश उलटा करून दुसऱ्या बाजूनं घातलं. तिथं गेलं नाही. भोक कर्ण्यासारखं झालं होतं, तोंडाशी रुंद आणि आत बरोबर. शाफ्टला फक्त आतल्या टोकाशी आधार होता. तेवढी जागा लवकर झिजली आणि सगळं सैल झालं.

वस्ताद म्हणाले, ''आरं, एवढा आवळलास कशाला? त्याला वाट म्हाईत हाय. तू निस्तं ढकलायचं.''

मग त्यांनी मला कारण दाखवलं. टेलस्टॉक लेथच्या पाटावरून पुढेमागे सरकून सरकून खालून झिजतो. जुन्या लेथवर त्याची मध्यरेषा चकच्या मध्यरेषेपेक्षा थोडी खाली आलेली असते. फरक केसाएवढा असेल, पण असतो. भोक चकच्या रेषेवर कोरलेलं, आणि रीमर टेलस्टॉकच्या रेषेवर घट्ट धरलेला. रीमर आत शिरताना भोक त्याला आपल्याकडे खेचतं आणि टेलस्टॉक आपल्याकडे. या ओढाताणीत रीमर किंचित वाकतो. तोंडाशी त्याच्या एका बाजूच्या धारा जास्त रेटतात, आणि काम फिरत असल्यामुळे तो रेटा सगळीकडून कापत जातो. तोंड रुंद होतं. आत गेल्यावर भोकाच्या भिंती रीमरच्या पुढच्या भागाला धरून ठेवतात, म्हणून तिथं माप जवळपास बरोबर येतं. माझा कर्णा असा तयार झाला होता.

यावर उपाय म्हणजे रीमरला थोडी मोकळीक देणं. त्यासाठी फ्लोटिंग होल्डर मिळतो. आपण त्याला तरंगता होल्डर म्हणू. त्यात रीमर असा बसतो की तो किंचित आजूबाजूला सरकू शकतो, किंचित कलूही शकतो. फिरू मात्र शकत नाही. त्याला फिरू न देणं आणि मागून सरळ ढकलणं ही आपली जबाबदारी, रेषा शोधणं ही त्याची. होल्डर नसेल तर जुने टर्नर आणखी साधी युक्ती करतात. रीमरच्या मागच्या टोकाला मध्यावर एक छोटा खळगा असतो. त्यात टेलस्टॉकचं टोकदार सेंटर टेकवायचं, रीमरच्या दांड्याला कॅरिअर किंवा रेंच अडकवून त्याची भुजा लेथवर टेकवायची, म्हणजे रीमर फिरणार नाही. मग सेंटरनं हळूहळू पुढे सारायचा. मागून फक्त एका बिंदूवर ढकललेला रीमर भोकाचं ऐकतो.

पण मोकळीक म्हणजे मोकाट सोडणं नव्हे. लेथवर रीमर आडवा असतो. होल्डरमध्ये फार सैलपणा असेल तर स्वतःच्या वजनानं त्याचं नाक खाली झुकतं आणि तो तोंडाशीच खालच्या अंगाला टेकतो. म्हणून सुरुवातीला त्याला आधार लागतो. शिवाय मूळ भोक वाकडं असेल तर तरंगता रीमर ते वाकडेपण इमानदारीनं उतरवून काढतो. तेव्हा क्रम असा की आधी ताठ हत्यारानं भोक सरळ करायचं आणि मगच सैल हातानं रीमर घालायचा. यांतलं एकही पाऊल वगळून चालत नाही.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. रायफलच्या चेंबरमध्ये हीच सगळी तत्त्वं लागू होतात, फक्त चुकीची किंमत वाढते. काडतूस पेटतं तेव्हा आतला दाब हवेच्या दाबाच्या हजार पटींहून जास्त होतो. पितळी काडतूस फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं. चेंबर मागच्या तोंडाशी माझ्या बुशसारखं रुंद झालं असेल तर काडतूस तिथं जास्त फुगतं. मग ते अडकतं किंवा चिरतं, आणि डोळा तर तिथून वीतभर अंतरावर असतो. चेंबरची रेषा नळीच्या रेषेशी जुळली नसेल तर गोळी नळीच्या पेचांत कललेली शिरते. कललेली शिरलेली गोळी कललेलीच बाहेर पडते, आणि पन्नास मीटरवरच्या बटणासाठी तेवढं बिघडणं पुरेसं असतं.

म्हणून हे काम करणारा कारागीर आधी रीमरला हातच लावत नाही. तो नळी लेथवर बसवतो आणि डायल इंडिकेटर लावतो. नळीचं बाहेरचं अंग आणि आतलं भोक यांचा मध्य एकच असेल, याची खात्री नसते. लांब भोक पाडताना ड्रिल थोडं भरकटलेलं असू शकतं. त्यामुळे बाहेरच्या चकाकत्या अंगावर विश्वास न ठेवता तो आतल्या भोकावर इंडिकेटर टेकवतो आणि काटा हलायचा थांबेपर्यंत नळी सरकवत राहतो. बऱ्याचदा तो दोन्ही टोकं तपासतो. मग तोंडाशी थोडा भाग बोअरिंगनं सरळ करून घेतो, म्हणजे रीमर चुकीच्या जागी सुरूच होत नाही.

चेंबरच्या रीमरला पुढे एक गुळगुळीत नाक असतं. त्याला पायलट म्हणतात. त्याला धार नसते. ते नळीच्या भोकात अगदी थोड्या फटीनं बसतं आणि मागच्या धारांना रस्ता दाखवतं. ही फट नेमकी राहावी म्हणून पायलटवर वेगवेगळ्या मापांची छोटी बुशं बदलून बसवता येतील अशीही सोय असते. थोडं कापायचं, रीमर बाहेर काढायचा, कीस पुसायचा, तेल द्यायचं, पुन्हा थोडं कापायचं. अडकलेल्या किसाचा एक कणही भिंतीवर रेघ मारून जातो. शेवटी खोली गेजनं मोजायची.

आणि हा रीमर धरायचा कसा? यावर जगभरातल्या कारागिरांत अजून दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, टेलस्टॉकवर विश्वास ठेवू नका, होल्डर तरंगताच हवा. दुसरा म्हणतो, माझ्या लेथच्या दोन्ही रेषा मी मोजून जुळवल्यात, मला सैलपणाची भीती वाटते, मी ताठच धरणार. मला यात गंमत वाटते ती ही, की दोन्ही पक्षांचं काम चांगलं होतं. दुसऱ्या पक्षाला ताठ धरण्याचा हक्क मोजमापानं मिळालेला असतो. मी मात्र न मोजता आवळलं होतं. एकाचीही निष्काळजी चालत नाही.

इथं एक सांगून ठेवतो. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय शस्त्र बनवणं, त्यात फेरफार करणं किंवा ते दुरुस्त करणंही गुन्हा आहे. रायफलचं उदाहरण मी दिलं ते त्यात भोकाच्या खरेपणाची परीक्षा सगळ्यांत कडक होते म्हणून. आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध पंपाच्या बुशशीच यायचा.

तर त्या पंपाचं पुढे काय झालं ते सांगतो. वस्तादांनी शेतकऱ्याला चहा पाजला, मजुरी घेणार नाही म्हणाले आणि नवा गनमेटलचा तुकडा माझ्याच हातात दिला. मला वाटलं होतं ते स्वतः करतील. ते बाजूला स्टुलावर बसून राहिले. मी ड्रिल मारलं, बोअर केलं, रीमर सेंटरवर टेकवला आणि हातचाक हळूहळू फिरवू लागलो. तोंडाशी रीमर जरासा हलला आणि स्वतःहून जागेवर आला. ती हालचाल चाकावरच्या बोटांना कळते. तेव्हापासून ती माझ्या ध्यानात राहिली आहे. पुढे कवितेची शेवटची दुरुस्ती करताना ओळ फार आवळली जाते आहे असं वाटलं, की मला ते हातचाक आठवतं.

बुश झाल्यावर मी गेजची दोन्ही टोकं, दोन्ही बाजूंनी घालून पाहिली. संध्याकाळी शेतकरी पंप घेऊन गेला. आठवड्यानं तो पुन्हा दारात दिसला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पण या खेपेला त्याच्या हातात उसाच्या कांड्यांची मोळी होती. म्हणाला, ''आता पानी धरलं बगा.'' बाकीचे बुश मात्र कुठं कुठं गेले होते ते शोधायला वस्तादांनी मला चोपडी घेऊन पाठवलं. जे सापडले ते मी पदरमोड करून बदलून दिले. सगळे सापडले नाहीत.

तुम्ही कधी नवा बुश बसवून घेणार असाल तर मिस्त्रीला एक विनंती करा. बुश पंपात बसवायच्या आधी आणि बसवल्यावर, शाफ्टला तेलाचा हात लावून बुशच्या तोंडाशी थोडासाच आत घाला आणि हलवून पाहा. मग दुसऱ्या बाजूनंही तसंच करा. दोन्हीकडे सारखं लागलं तर भोक खरं. एका बाजूला शाफ्ट डुगडुगला तर समजा, कुणीतरी रीमर फार आवळून धरला होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)